हल्लू निकालो!

बेगम बाजारात कुठल्याही वस्तूचा एकच नग मागितला की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्यामागे घरातलं कुणी मोठं माणूस उभं आहे का ते बघतो. हा हैदराबादचा घाऊक बाजार. इथे चमचे डझनावर, बदाम किलोवर, बादल्या उतरंडीवर आणि सल्ले पोत्यावारी मिळतात. निजाम अली खानाच्या हमदा बेगमेनं ही जागा व्यापाऱ्यांना देऊन टाकली म्हणून हा बेगम बाजार, असं सांगतात. म्हणजे खुद्द बेगमेनंही जमीन घाऊकच दिली; गुंठ्यागुंठ्याने विकायचं तिच्या मनात आलं नाही. अशा या परंपरेच्या बाजारात मी दोन चमचे निलगिरीचं तेल मागत फिरत होतो.

"दो चम्मच?" गल्ल्यावरच्या शेठजींनी चष्मा कपाळावर चढवला. "सर्दी हुई क्या साब?"

"मेरेकू नहीं. सायकल को."

हैदराबादेत अशा उत्तरानं कुणी दचकत नाही. शेठजींनी शांतपणे आत हाक मारून विचारलं, "निलगिरी का छोटा डब्बा कित्ते लीटर का है रे?" छोटा डबा पाच लिटरचा निघाला.

सायकल आमच्या आजोबांची. अ‍ॅटलास, काळी, बावीस इंची. सोनिपतला १९५१ साली ही कंपनी निघाली आणि १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. या दोन्ही घटनांचा आमच्या घरावर सारखाच परिणाम झाला. १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशात गेलं आणि इथल्या कचेऱ्यांतल्या मराठी माणसांपुढे तिकडे जायचं की इथेच राहायचं, असा प्रश्न उभा राहिला. आजोबांनी विचार करायला मुदत मागून घेतली आणि त्या मुदतीत सायकल घेतली. मग जाणं अवघडच झालं. नवीकोरी सायकल काचीगुड्याला मनमाडच्या गाडीत चढवायची, म्हणजे कुणाच्या तरी ट्रंकेचा कोपरा लागून दांडीचा रंग उडणार. आजोबांनी राहायचं ठरवलं. इतिहासकार काही म्हणोत, आमचं घराणं हैदराबादी झालं ते भाषावार प्रांतरचनेमुळे नव्हे. रंगाला चरा पडू नये म्हणून.

हे धोरण पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं. दुकानातून येताना सायकलला खाकी कागद सुतळीनं गुंडाळलेला होता. तो आजोबांनी काढला नाही. पावसाळ्यात भिजून तो आपणहून गळून पडला, तेव्हा त्याच्या जागी त्यांनी काळी कापडी चिकटपट्टी गुंडाळली. दांडीवर बसणाऱ्या पोराच्या चड्डीच्या बटणानं रंग खरवडला जाऊ नये, हा हेतू. मोठ्या काकांच्या कॉलेजच्या काळात वायरमन वापरतात ती प्लॅस्टिकची इन्शुलेशन टेप आली. काकांनी लाल आणि पिवळी अशी दोन रिळं आणून काळ्या पट्टीवर नागमोडी वेटोळी चढवली. धाकट्या काकांनी चिमट्यावर आणि मागच्या मडगार्डवर रेडियम लावलं. (रेडियम आपण म्हणतो एवढंच. क्यूरी बाईंच्या रेडियमचा त्यात अंशही नसतो. काचेचे अगदी बारीक मणी असतात आणि समोरून आलेला उजेड ते आल्या वाटेनं परत पाठवतात. खरं रेडियम असतं तर धाकटे काका रात्री सायकलशिवायही दिसले असते.) शेवटी वडिलांनी खोकी बंद करायची रुंद पारदर्शक टेप आणली आणि या सगळ्यावरून एक हात फिरवला. आधीच्या माणसानं लावलेलं काढायचं नाही, त्यावर आपलं चढवायचं, हा नियम आमच्या घरात सायकलीपुरताच नाही. भिंतीवरची कॅलेंडरंही आम्ही अशीच लावतो.

आता आमचा पुतण्या गच्चीबावलीत नोकरीला आहे. त्याची स्वतःची सायकल कार्बनची. तिची किंमत काकूंना अजून कुणी सांगितलेली नाही. रविवारी तो आउटर रिंग रोडच्या कडेनं जो २३ किलोमीटरचा सायकलमार्ग २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, तिथे जातो. त्या मार्गावर डोक्यावर सौर पॅनेलचं छप्पर आहे. म्हणजे सायकलीला कव्हर होतंच, आता सायकलीच्या रस्त्यालाही आलं. तर या पुतण्याला पणजोबांची सायकल ‘ओरिजिनल’ करून दिवाणखान्यात ठेवायची होती. "काका, सगळं चिकटवलेलं काढायचं. फक्त रंगाला धक्का लागता कामा नये," एवढं म्हणून तो ऑफिसच्या कॉलवर गेला. अट घालणारा एक आणि काम करणारा दुसरा, ही पद्धत त्यानं ऑफिसातून घरी आणून चांगली रुजवली आहे.

काकूंचा या प्रकाराला पहिल्यापासून विरोध. काकू माहेरच्या नांदेडच्या, वय ऐंशीच्या घरात.

"काय करायलास रे?"

"टेप काढायलोय काकू."

"कशाला? टेप आहे म्हणून रंग आहे."

"पण टेपमुळे तो रंग दिसेना की."

"दिसला की जातोय."

यावर काय बोलणार? बोलायला तोंड उघडलं असतं तर समोर फ्रिज होता. त्याच्या दारावरची कारखान्यातली निळी फिल्म अजून जागच्या जागी आहे, मुठीला क्रोशाचं कव्हर आहे आणि माथ्यावर रेक्झिन. टीव्हीचा रिमोट तर जन्मल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीबाहेर आलेलाच नाही. आवाज वाढवायचं बटण कुठलं हे आम्ही स्पर्शानं ओळखतो. काकूंच्या कपाटात मुलाच्या लग्नात आलेला स्टीलचा डिनर सेट आहे, त्याच्या प्रत्येक ताटावर कंपनीचं लेबल आहे. लेबल काढलं की ताट वापरलेलं ठरतं आणि वापरलेलं ताट पुढे आहेरात देता येत नाही. वस्तू घेणारा आणि ती वापरणारा यांच्यामध्ये आपल्याकडे एक अख्खी पिढी असते. ती नुसती सांभाळते.

गंमत म्हणजे आज ज्या अर्थानं आपण टेप म्हणतो, ती जन्मालाच आली मुळी रंग वाचवण्यासाठी. अमेरिकेत सेंट पॉल शहरात सँडपेपर करणारी एक कंपनी होती, पुढे जिला जग थ्री-एम म्हणू लागलं. तिथला रिचर्ड ड्रू हा तरुण सँडपेपरचे नमुने घेऊन मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजात जायचा. मोटारीला दोन रंग द्यायची तेव्हा फॅशन होती. एक रंग झाला की त्यावर कागद चिकटवायचा, दुसरा मारायचा, कागद ओढायचा; आणि कागदाबरोबर पहिला रंगही सोलून यायचा. त्या वेळी रंगारी जे काही बोलत ते ऐकून ड्रूनं बेतानं चिकटणारी पट्टी करायचं मनावर घेतलं. १९२५ मध्ये मास्किंग टेप आली, १९३० मध्ये त्याचीच पारदर्शक सेलोफेन टेप. थोडक्यात, ‘ओढली की रंग निघतो’ ही तक्रार टेपपेक्षाही वयानं मोठी आहे. फरक इतकाच की ड्रूचे रंगारी पट्टी लावून त्याच दिवशी काढायचे. आम्ही तिसऱ्या पिढीत काढायला बसलो.

आणि टेप म्हातारी झाली की तिचा स्वभाव बदलतो. वायरमनच्या टेपचं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते वर्षानुवर्षं पाझरत खालच्या डिंकात उतरतं. मग वरची टेप आखडते, कडक होते, कडेनं आत सरकते. खालचा डिंक काकवीसारखा पातळ होऊन बाहेर येतो आणि गल्लीतली सगळी धूळ गोळा करतो. खोक्याच्या पारदर्शक टेपची तऱ्हा उलटी. ऊन खाऊन ती ठिसूळ होते. टोक धरून ओढावं तर नखाएवढा पापुद्रा हातात येतो आणि उरलेली तिथेच हसत बसते. या दोन स्वभावांच्या टेपा एकमेकींवर चढवलेल्या असल्या की एकत्र कुटुंब पद्धती का मोडली असेल याची कल्पना येते.

तर सल्ला घ्यायला मी बेगम बाजारात गेलो. तिथे सल्ल्याला पैसे पडत नाहीत. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं, की ज्याच्या दुकानात जो माल भरलेला, तोच तुमच्या दुखण्यावरचा जालीम उपाय.

तेलवाल्यांनी खोबरेल सांगितलं. "रात कू लगाके छोड दो, सुबू देखो." पंधरा किलोचा डबा उचलायला पोऱ्या वाकलासुद्धा. पण सल्ला खरा होता. जुना डिंक बहुधा रबराच्या जातीचा असतो. तेल त्यात मुरलं की तो फुगतो, सैल पडतो, आणि रंगाला तेलाची काही बाधा होत नाही. वेळ लागतो, हीच काय ती खोट. घाई असेल तर निलगिरी. ती जास्त जोरकस, पण लावून विसरायची नाही, पाचदहा मिनिटांत पुसून घ्यायची. घासलेटही चालतं. पूर्वी ते रेशनवर मिळायचं आणि घरात सगळ्या रोगांवर तेच एक औषध असायचं. आता त्या शेठजींनीच मला विचारलं, "ग्यास का तेल किधर मिलरा साब? हमना भी बोलो."

पलीकडच्या हार्डवेअरवाल्यानं तेलवाल्याची कीव केली आणि थिनरचा डबा काउंटरवर आपटला. "एक मिनट में साफ. शीशे के माफिक." तोही खोटं बोलत नव्हता. काय साफ, एवढंच सांगत नव्हता. डुको रंग पातळ करायला जे थिनर वापरतात ते डुको सुकल्यावरही त्याला विरघळवतं. मग तो रंग मारून चाळीस वर्षं झालेली असोत. नेलपॉलिश काढायच्या पाण्याचीही तीच गत. टेप, डिंक, रंग असा भेदभाव ते करत नाही. सरसकट न्याय.

औषधाच्या दुकानात स्पिरिट मिळालं, इंजेक्शनच्या आधी दंडाला चोळतात ते. दुकानदारानं एकच बाटली कागदात गुंडाळून दिली. अख्ख्या बाजारात किरकोळ विक्री करणारा तो एकमेव सद्गृहस्थ, म्हणून त्याच्याकडून मी खोकल्याच्या गोळ्याही घेतल्या.

सुक्या मेव्याच्या शेठजींनी तर काही विकलंच नाही. चहा पाजला, सायकलची सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, "रहने दो ना साब. निकालके क्या करना?" बोलता बोलता ते कुणाचे तरी पिस्ते तोलत होते. त्यांच्या इलेक्ट्रिक काट्याच्या आकड्यांवर कंपनीची फिल्म तशीच होती, आणि ती इतकी पिवळी पडली होती, की तीनचे आठ आणि आठचे तीन हा सगळा गिऱ्हाइकाच्या श्रद्धेचा विषय होता. त्यांचा सल्ला तज्ज्ञाचा होता हे मला पटलं.

खरी विद्या भांड्यांच्या गल्लीत होती. बेगम बाजार पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांचा मोठा बाजार, आणि भांडं म्हटलं की लेबल आलंच. एका दुकानाच्या पायरीवर एक पोरगा गिऱ्हाइकाच्या ताटांवर नाव घालायला बसला होता. नाव घालायचं ते किर्रर्र करणारं यंत्र चालवायच्या आधी लेबल काढावं लागतं. तो काय करायचा, ताट उलटं धरून बारक्या शेगडीवर एक झोका द्यायचा. फक्त एक. मग ताट सरळ करायचा, लेबलाचा कोपरा अंगठ्याच्या नखानं उचलायचा आणि ते उभं न खेचता स्वतःवरच दुमडत, ताटाला चिकटून मागे नेत राहायचा. लेबल अख्खं निघायचं. डिंकाचा डाग नाही, फाटलेला तुकडा नाही. पायरीजवळच्या खांबावर अशी निघालेली लेबलं त्यानं लावून ठेवली होती. खांबाला आता दुसरा रंग द्यायची गरज नव्हती.

मी एक लेबल मागून घेतलं आणि माझ्या घाईनं ओढलं. मधोमध फाटलं.

"हल्लू निकालो साब," तो यंत्रावरची नजर न काढता म्हणाला, "जोर नक्को. उसकू मालूमच नै पडना कि निकलरा."

या वाक्यात सगळं शास्त्र आलं. टेपचा डिंक हा धड घन नाही, धड पातळ नाही. झटका दिला की तो घनासारखा वागतो आणि जे धरलं असेल ते सोडत नाही. मग टेप तरी फाटते नाहीतर रंग तरी येतो. सावकाश ओढलं की त्याला सरकायला सवड मिळते आणि तो आपणहून पकड सोडतो. ऊब दिली की अजून मऊ होतो. ऊब मात्र हाताला सोसेल एवढीच. फार तापवलं तर डिंक इतका पातळ होतो की टेप हातात येते आणि डिंक मागे राहतो. कोनही तेवढाच महत्त्वाचा. उभं खेचलं की सगळा जोर रंगाला वर उचलण्यात जातो. टेप स्वतःवर उलटी दुमडून मागे नेली की रंगावरचा ताण कमी पडतो. शाळेत पदार्थविज्ञान शिकवताना आम्हाला कप्पी, तरफ आणि उतरण दाखवली होती. त्याऐवजी हा पोरगा आणून बसवला असता तर मी इंजिनियर झालो असतो.

अडचण एकच: सायकल शेगडीवर धरता येत नाही. म्हणून परतताना गौळीगुड्याला वळलो. तिथे सायकलींची दुकानं आहेत आणि त्यांच्या आडोशाला काही जुने मिस्त्री अजून टिकून आहेत. मी सायकल रिक्षातून नेली होती, म्हणजे तिच्याबरोबर फिरत मी सगळ्या बाजाराला सोयीचा विषय पुरवला होता. मिस्त्रींनी तिला उलटी केली, पायडलच्या खाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे पेट्रोलचा बोळा घासला आणि बोळा मला दाखवला. मळ आला होता, रंग आला नव्हता.

"ये कंपनी का रंग है. भट्टी में पकाए सो."

मग तसाच दुसरा बोळा चिमट्याच्या आतल्या बाजूला घासला. तो कुळकुळीत काळा निघाला.

"ये बाद में मारे सो है. इसकू तेल के सिवा कुछ नक्को."

चिमटा कधी, कुणी रंगवला हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंना विचारलं तेव्हा त्या देवघरात गेल्या. एवढं कळलं की धाकटे काका एकदा अफझलगंजच्या पुलावर पडले होते, त्यानंतर रेडियम आलं. तेही चिमट्यावरच आलं, हा आता योगायोग वाटत नाही.

मिस्त्रींनी पुढची पथ्यंही सांगितली. ब्लेड नको, स्क्रू-ड्रायव्हर नको, भांडी घासायचा काथ्या तर मुळीच नको. नख चालेल, जुनं एटीएम कार्ड चालेल. जिथे सोनेरी रेघ आहे किंवा कंपनीचं चित्र आहे तिथे पेट्रोल-स्पिरिटही लावायचं नाही, कारण ते काम पक्क्या रंगाच्या वर केलेलं असतं, वरून व्हार्निशचा पातळ हात असतो आणि आधी जातं ते तेच. तिथे ऊब, तेल आणि देवाचं नाव. सल्ल्याचे पैसे विचारले तर म्हणाले, हवा भरून देतो, तिचे द्या. टायरला ट्यूब नव्हती, हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

शेगडीच्या जागी पुतण्याच्या बायकोचा हेअर ड्रायर आला. बेगम बाजारातही मिळत होता, सहाच्या खोक्यात. सूनबाईंनी तो मोठ्या मनानं दिला आणि वास गेल्याशिवाय परत आणू नका म्हणाल्या. निलगिरीचा पाच लिटरचा डबा मात्र अखेर घ्यावाच लागला. शेठजींनी सवलतीत दिला आणि कुटुंबात सर्दी होणारे किती जण आहेत याची आपुलकीनं चौकशी केली.

व्हरांड्यात सायकल घोड्यावर उभी केली. वरच्या पारदर्शक टेपचं टोक सापडायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. ज्यानं आयुष्यात सेलो टेपचं टोक नखानं चाचपडत रीळ गोल गोल फिरवलंय, त्याला मी काय सांगू? शेवटी ते सीटखालच्या नळीच्या मागच्या बाजूला मिळालं. ड्रायर चार बोटं लांब धरून हलता ठेवला. दोनेक मिनिटांत टेपखालचा पांढुरका हवेचा फुगा पारदर्शक झाला, तोच इशारा. कार्डाच्या कडेनं टोक उचललं, दुमडलं, मागे नेलं. पापुद्रा, पापुद्रा, पुन्हा पापुद्रा. मग अचानक हातभर लांब पट्टा सलग आला, आणि त्याच्या पाठीला मोठ्या काकांची लाल टेप चिकटून आली. पिवळी जागच्या जागी राहिली. तिच्या कडेनं बाहेर आलेल्या डिंकाचे तंतू बोट उचललं की वीतभर ताणत होते. त्या डिंकात एक डास होता, एक मोगऱ्याची वाळकी पाकळी होती, आणि कुणाचा तरी काळाभोर लांब केस होता. काकूंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि "माझा नाही" म्हणाल्या. तेव्हा मी ड्रायर जोरात लावला.

कापडी पट्टीला तेलाच्या चिंध्या गुंडाळून रात्रभर ठेवलं. सकाळी ती हातानं सोलून निघाली. उरलेल्या डिंकासाठी एक युक्ती जमली: टेपचा ताजा तुकडा चिकट बाजूनं जुन्या डिंकावर दाबायचा आणि उचलायचा. डिंकाला डिंकाची ओढ असते. जुना नव्याबरोबर निघून येतो. राहिलेल्या पुसट थराला निलगिरी, पक्क्या रंगावर शेवटचा हात स्पिरिटचा, आणि मग साबणाचं कोमट पाणी. साबण विसरायचा नाही. तेल तसंच राहिलं की आठवड्याभरात नवी धूळ बसते आणि लोक विचारतात, काढलंत तर काय काढलंत?

टेपखाली रंग होता. काळा म्हणजे काय असतो ते आम्ही त्या दिवशी बघितलं. दांडीच्या दोन्ही अंगांनी सोनेरी रेघ गेलेली होती, मध्ये एके ठिकाणी ती किंचित थरथरली होती, म्हणजे ती कुणीतरी हातानं ओढली होती. पुढच्या नळीवर खांद्यावर पृथ्वी पेललेला अ‍ॅटलास शाबूत होता. हे चित्र जपण्यासारखंच. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्यात कामगारांना घरी बसवणारी नोटीस लागली. असं जुनं चित्र आता सहज मिळायचं नाही.

पण जिथे टेप नव्हती तिथला रंग, ज्याला आम्ही आजवर काळा म्हणत होतो, तो शेजारी शेजारी ठेवल्यावर करडा निघाला. त्यामुळे सायकल पट्ट्यापट्ट्यांची दिसू लागली: झाकलेला काळा, उघडा करडा, पुन्हा काळा. हा फरक डिंकाचा नसतो, उन्हाचा असतो. तो कुठल्याही तेलानं पुसत नाही. पॉलिशनं करडा भाग थोडा उजळतो, तेवढंच. काकू चष्मा लावून आल्या, काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बघ. टेप होती तिथंच रंग राहिलाय." पुतण्यानं कॉल म्यूट केला आणि कापडी पट्टीखालचे गंजाचे ठिपके दाखवले, पावसाचं पाणी पट्टीत शिरलं होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून तिथलं लोखंड फुलून आलं होतं. "टेप होती तिथंच गंज आहे, आजी." दोघांचंही खरं होतं, त्यामुळे जेवताना कुणीच बोललं नाही.

माझं मत विचाराल तर रंगाचा सगळ्यात कमी तोटा चालवणाऱ्या माणसानं केला. मूठ लागते तिथे, सीटजवळ पँट घासते तिथे थोडी झिजलेली चकाकी आहे, पण गंज नाही. रोज हात लागत होता, रोज कुणीतरी पुसत होतं. सायकल आजारी पडली ती जपणूक सुरू झाल्यावर.

पुतण्यानं लगेच दुसऱ्या आठवड्यात एक पाकीट मागवलं. आत पारदर्शक फिल्म. ‘हेलिकॉप्टर टेप’ म्हणतात म्हणे. हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती वाळूनं झिजू नयेत म्हणून असली टेप आधी तिथे वापरत, आता सायकलीला लावतात. "दिसतसुद्धा नाही काका, आणि रंग कायमचा सुरक्षित." दिवाणखान्यात, पंख्याखाली, टीव्हीशेजारी उभ्या राहणाऱ्या सायकलवर कुठली वाळू उडणार आहे, हे मी त्याला विचारलं नाही. काकूंनी मात्र प्रथमच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तुमच्याही घरात असं काही चिकटवलेलं असणारच. सायकल असो, स्कूटर असो, फ्रिज असो. काढायचं असेल तर हिवाळ्याच्या थंड सकाळी ओढू नका, दुपारच्या उबेला बसा. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात बोळा घासून रंग कुठला आहे ते बघा. तेलानं होत असेल तर स्पिरिटकडे जाऊ नका. नवीन चिकटवायचंच असेल तर चिकटवा, नाही कोण म्हणतं? फक्त शेवटचं टोक अर्धा इंच आत दुमडून ठेवा. ते काढायला जो बसेल तो तुमच्याच घरातला असेल. आणि शेजारी कितीही जीव तोडून सांगू देत, थिनर नको.